मेंढा (लेखा): बांबूची मालकी आणि वाहतूक परवान्याची वही

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा २००९ साली मान्य झाला. सुमारे १,८०० हेक्टर जंगलातील गौण वनोपजाची (बांबू, मध, तेंदूपत्ता यांसारख्या, इमारती लाकूड सोडून इतर वनउत्पादनांची) मालकी आणि त्या जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाच्या ग्रामसभेकडे आला. त्याच जंगलातील बांबू ट्रकमध्ये भरून बाजारात पाठवण्यासाठी लागणारी वाहतूक परवान्याची वही मात्र ग्रामसभेच्या हाती पडली ती २७ एप्रिल २०११ रोजी. मालकी मिळाल्यानंतर आणि वही मिळण्यापूर्वी जे घडले, आणि वही मिळाल्यावर ग्रामसभेवर जे काम येऊन पडले, त्याचा हा अभ्यास आहे.

मेंढ्याविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातील पुष्कळ लेखन गौरवाचे आहे. गौरव रास्तच आहे, पण पाचशेच्या आसपास लोकवस्तीच्या गावाने सरकारी खात्याकडून एक वही मिळवली याचे महत्त्व कळायचे असेल, तर त्या वहीवाचून नेमके काय अडत होते हे आधी पाहावे लागते. लहान स्थानिक संस्थांच्या अधिकारांची चर्चा करताना आपण कायद्याने काय दिले याची यादी करतो आणि तो अधिकार रोजच्या व्यवहारात कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीपाशी थांबतो हे पाहायचे राहून जाते. या प्रकरणात ती जागा अगदी स्पष्ट दिसते.

तीन कायदे, तीन ग्रामसभा

मेंढा हे लेखा गट ग्रामपंचायतीतील एक गाव. गट ग्रामपंचायत म्हणजे जवळजवळची दोन-तीन किंवा अधिक छोटी गावे आणि टोले मिळून केलेली एक पंचायत. पूर्व विदर्भात वस्त्या लहान आणि विखुरलेल्या असल्यामुळे अशा पंचायती सर्वत्र आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, अंमलात आला १९५९ मध्ये, आणि त्याच्या कलम ७ खाली जी ग्रामसभा भरते ती संपूर्ण पंचायतीच्या मतदारांची असते. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने होते. पंचायतीचे कार्यालय ज्या गावात असेल त्या गावाचे लोक सभेला सहज येतात. चार-सहा किलोमीटरवरच्या टोल्यातील माणसे, त्यातही बाया, धानाच्या रोवणीच्या किंवा मोहफुलाच्या दिवसांत क्वचितच पोहोचतात. ठराव कायदेशीर होतो, पण ज्या टोल्याच्या जंगलाविषयी तो असतो त्या टोल्याचे मत त्यात असेलच असे नाही.

दुसरी ग्रामसभा पेसा कायद्याची, म्हणजे पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याची. १९९६ च्या या केंद्रीय कायद्याने राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील (आदिवासी) क्षेत्रासाठी गावाची व्याख्या बदलली. आपल्या परंपरा आणि रूढींप्रमाणे स्वतःचा कारभार चालवणारी वस्ती, पाडा किंवा टोला हे गाव, आणि अशा प्रत्येक गावाला स्वतंत्र ग्रामसभा, असे हा कायदा सांगतो. धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्राने या कायद्याला अनुसरून ग्रामपंचायत अधिनियमात तरतुदी केल्या, परंतु त्यांच्या अंमलबजावणीचे नियम येण्यास मार्च २०१४ उजाडला. म्हणजे मूळ कायद्यानंतर १७ वर्षे टोल्याच्या ग्रामसभेला केंद्रीय कायद्याचा आधार होता, पण तलाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षक यांनी तिच्याशी कसे वागावे हे सांगणारा कागद नव्हता.

तिसरी ग्रामसभा वनहक्क कायद्याची. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या हक्कांना मान्यता देणारा हा कायदा २००६ चा. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. यातही गाव म्हणजे वस्तीपातळीचे गाव. दावा स्वीकारणे, वनहक्क समिती निवडणे, पुरावे तपासून ठराव करणे हे सारे ग्रामसभेचे काम. उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्या त्यानंतर येतात. दावा सुरू करण्याचा अधिकार खालच्या टोकाला देणारा हा कायदा आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे सामर्थ्य याच तरतुदीत आहे.

एकाच गावातील तीच माणसे या तीन कायद्यांखाली तीन वेगवेगळ्या सभा ठरतात. प्रत्येकीची गणपूर्ती वेगळी, सचिवाची व्यवस्था वेगळी, ठरावाचे वजन वेगळे. जिल्ह्यातील अनेक वाद गावाच्या आणि खात्याच्या भांडणातून जितके उभे राहतात, तितकेच कोणत्या सभेचा ठराव कोणत्या कामाला चालतो याच्या गोंधळातूनही उभे राहतात.

वहीपूर्वीची वीस वर्षे

मेंढ्याने ग्रामसभा भरवायला सुरुवात केली ती पेसा कायद्याच्या बरीच आधी. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी इंद्रावती आणि गोदावरीवरील भोपालपट्टणम व इंचमपल्ली या धरणांना विरोध करणारे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन या भागात उभे राहिले. आदिवासी नेते लालश्यामशहा आणि बाबा आमटे यांच्यासारखी माणसे त्यात होती, आणि पुढे दोन्ही धरणांची योजना मागे पडली. आंदोलन ओसरल्यावर मेंढ्याच्या लोकांनी स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता की, जंगल वाचवायचे तर गावाने रोज काय करायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथून आली. घोषणा देणे कोणालाही जमते. या गावाचे वेगळेपण असे की तिच्यापाठोपाठ त्यांनी कारभाराची पद्धत बसवली.

या पद्धतीचे दोन खांब होते. पहिला म्हणजे सर्वसहमती. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही. एका घराचा विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलायचा, त्या घराचे म्हणणे समजून घ्यायचे आणि पुन्हा बसायचे. यात वेळ जातो. परंतु जंगलाच्या बाबतीत बहुमताचा ठराव किती दुबळा असतो हे जंगलाकाठी राहणाऱ्याला ठाऊक असते, कारण विरोधात मत देऊन हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन रानात गेला तर त्याला अडवायला गावाकडे पोलीस नसतो. सर्वसहमती ही अशा ठिकाणी अंमलबजावणीची सोय आहे. दुसरा खांब म्हणजे अभ्यासगट. कायदा, हिशेब, वनस्पती, निस्तार अशा विषयांवर गावातील माणसे बाहेरच्या जाणकारांबरोबर बसून अभ्यास करीत. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा या कामात मोठा वाटा आहे. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसू शकतो, बोलू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो आणि तेथे त्याला मत नसते. गावात काम करणाऱ्या संस्थांनी ही मर्यादा पाळली असती, तर अनेक ग्रामसभा कार्यकर्ता गेल्यावर बंद पडल्या नसत्या असे मला वाटते.

अभ्यासातून हाती आलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे निस्तार हक्क. हा प्रदेश जुन्या मध्य प्रांताचा. जमीनदारी आणि मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली तेव्हा जळाऊ लाकूड, बांबू, चराई, घरबांधणीचे लाकूड अशा गावकऱ्यांच्या वापराच्या बाबी निस्तार पत्रकात नोंदवल्या गेल्या. पुढे जंगल वनखात्याकडे गेले, राज्य बदलले, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण पत्रके दप्तरात राहिली. वनहक्काचा दावा करताना गावाला पुरावा लागतो. ज्या गावाने आपले निस्तार पत्रक शोधून, वाचून ठेवले होते त्याला तो पुरावा नव्याने जमवावा लागला नाही. २००९ साली मेंढ्याचा दावा देशातील पहिल्या मान्य सामूहिक वनहक्क दाव्यांमध्ये गणला गेला याचे एक कारण हे पूर्वीचे वाचन आहे. जिल्ह्यातील मर्दा गावाचा दावाही त्याच सुमारास मान्य झाला.

ट्रकपाशी अडलेला हक्क

या भागातील बांबू मुख्यतः मानवेल जातीचा. घराच्या कुडाला, धानाच्या ढोल्यांना, कुंपणाला, सुपा-टोपल्यांना तोच लागतो, पावसाळ्यात त्याचे कोवळे कोंब वास्ते म्हणून खाल्ले जातात, आणि बुरड समाजाची तर सारी उपजीविकाच त्यावर आहे. दुसऱ्या बाजूला कागद उद्योगाचा कच्चा मालही तोच. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी, अतिशय स्वस्त दराने, कागद उद्योगाला दिला जात असे, आणि गावकऱ्याला आपल्याच शिवाराजवळच्या रांजीतून (बांबूच्या बेटातून) चार बांबू आणताना वनरक्षकाची परवानगी विचारावी लागत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच मेंढ्याने या कटाईला विरोध केला होता.

वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येतच बांबूचे नाव घातले आणि अशा वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. येथे दोन कायदे समोरासमोर आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू समाविष्ट होता. झाड म्हणजे इमारती लाकडाच्या रांगेत, आणि मग त्याची तोड खात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे (जंगलातील तोड व कामे यांच्या आराखड्याप्रमाणे) व त्याची वाहतूक खात्याच्या परवान्याने, अशी वनखात्याची भूमिका होती. ग्रामसभेने बांबू विकायला काढला तेव्हा खात्याने वाहतूक परवाना देण्यास नकार दिला.

या नकाराला केवळ अडवणूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण नियमांतच त्याला एक आधार सापडत होता. २००८ च्या मूळ नियमांत गौण वनोपजाच्या वाहतुकीचा उल्लेख डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी या साधनांनी होता, आणि मोटार वाहनांच्या वापराला प्रचलित वाहतूक नियम लागू राहतील अशी टीप होती. मध, चारोळी किंवा हिरडा सायकलवर बाजारात जाऊ शकतो. बांबूचे तसे नाही. हजारो बांबू विकायचे तर ट्रक हवा, ट्रकला परवाना हवा, आणि परवान्याची वही खात्याच्या कपाटात. मालकी कायद्याने गावाची होती, पण माल हलवण्याची सही दुसऱ्याची होती. आणि जी वस्तू मालकाला स्वतःच्या सहीने हलवता येत नाही, तिचा भाव ठरवण्याची ताकदही त्याच्याकडे राहत नाही. अडलेला बांबू घ्यायला कोणताही व्यापारी पुढे येत नाही, आणि आला तरी अडचणीचा भाव देतो.

खात्याच्या बाजूने एक काळजीही मांडली जात होती, आणि ती खोटी नव्हती. बांबूची रांजी चुकीच्या पद्धतीने तोडली तर काही वर्षांत संपते. त्या वर्षी फुटलेला कोवळा बांबू तोडायचा नसतो, पावसाळ्यात तोड बंद ठेवायची असते, प्रत्येक रांजीत ठरावीक संख्येचे जुने बांबू राखायचे असतात, आणि तोडून झालेल्या भागाला पुन्हा हात लावण्यापूर्वी काही वर्षे विश्रांती द्यायची असते. गावाला पैसा दिसला तर गाव हे पाळेल काय, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर खाते देऊ शकत नव्हते, कारण गावाला तशी संधीच मिळाली नव्हती. आणि दीर्घ करारांच्या काळात खात्याच्या देखरेखीखाली झालेली कटाई गावाने डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे हा प्रश्न फक्त गावालाच विचारावा असेही नव्हते.

कोंडी फुटली ती राजकीय पातळीवर. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावे आणि सामूहिक वनहक्क असलेल्या क्षेत्रात वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा असे कळवले. त्यानंतर २७ एप्रिल रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याची वही गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती देण्यात आली. पुढील हंगामात गावाने निविदा मागवून बांबू विकला आणि उत्पन्न कोटीच्या घरात गेले.

मंत्र्याच्या भेटीने मिळालेली गोष्ट नियमात उतरली नाही तर ती पुढच्या अधिकाऱ्याबरोबर जाते. येथे ती उतरली. ६ सप्टेंबर २०१२ रोजी वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. गौण वनोपजाच्या विक्रीत वनक्षेत्राच्या आत व बाहेर योग्य त्या वाहनाने वाहतूक करणे समाविष्ट झाले, परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने प्राधिकृत केलेली व्यक्ती देईल असे ठरले, आणि परवान्याच्या औपचारिकतेमुळे विक्रीच्या हक्काला बाधा येणार नाही हेही लिहिले गेले. वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. त्याचा मुख्य लाभ मात्र जंगलाबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्यांना झाला. जंगलातल्या बांबूसाठी ग्रामसभेच्या कामी येते ती २०१२ ची दुरुस्तीच. सामूहिक वनहक्क मिळालेल्या प्रत्येक ग्रामसभेने त्या दुरुस्तीची मराठी प्रत दप्तरात ठेवावी आणि ट्रकबरोबर पाठवावी, कारण नाक्यावरच्या कर्मचाऱ्याला जुना नियम पाठ असतो.

परवाना देणाऱ्याची जबाबदारी

येथपर्यंतचा भाग अधिकाराचा झाला. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा अधिक शिकण्यासारखा भाग याच्यापुढे आहे, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते.

वाहतूक परवाना ही छोटी चिठ्ठी असली तरी तिच्यात माल कोठून निघाला, किती आहे, कोणत्या क्रमांकाच्या वाहनात आहे, कोठे चालला आहे आणि परवाना किती मुदतीपर्यंत वैध आहे हे सर्व लिहिलेले असते. वही ज्याच्याकडे असते तो या पाचही गोष्टी खऱ्या असल्याची हमी देतो. खात्याकडे वही होती तेव्हा खोटी नोंद झाली तर दोष वनपालाचा होता. वही गावाकडे आल्यावर तो दोष सही करणाऱ्या शेजाऱ्याचा होतो, आणि त्याला जाब विचारायचा तो त्याच्याच भावकीने. दुसऱ्या गावाच्या जंगलातून चोरून आणलेला बांबू आपल्या परवान्यावर पाठवू द्यावा अशी गळ व्यापारी घालू शकतो, आणि एकदा तसे घडले की ग्रामसभेची वही आणि कोऱ्या कागदाची चोपडी यांत फरक उरत नाही. म्हणून प्रत्येक परवान्याची स्थळप्रत जपणे, तोडलेल्या बांबूची मोजणी आणि पाठवलेल्या बांबूची बेरीज यांचा मेळ दर आठवड्याला सभेत वाचून दाखवणे, सही करणारा आणि मोजणारा ही दोन वेगळी माणसे ठेवणे, अशा साध्या व्यवस्थांवर या अधिकाराची अब्रू टिकून असते.

त्यापाठोपाठ हिशेब येतो. बांबू विकणारी ग्रामसभा ही एका हंगामात मजूर लावणारी संस्था, माल विकणारी संस्था आणि कर कापला जाणारी संस्था होते. तिला बँक खाते लागते, प्राप्तिकराचा पॅन लागतो, हजेरीपट लागतो, खरेदीदाराशी करार करून अनामत रक्कम घ्यावी लागते आणि माल उचलण्यापूर्वी हप्ता मिळाला की नाही हे पाहावे लागते. तेंदूपत्त्याच्या व्यवहारात जिल्ह्यातील काही ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले, ते बहुतेक या शेवटच्या बाबतीतील ढिलाईमुळे. फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) पुडे मोजून घेतले गेले, मजुरी उधारीवर राहिली आणि पाने गोदामात गेल्यावर वसुलीसाठी गावाच्या हाती काही उरले नाही. कायदा गावाला मालक करतो. उधारी वसूल करून देण्याची व्यवस्था तो करीत नाही.

ग्रामपंचायतीच्या हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, तिचे दप्तर ठरलेल्या नमुन्यांत असते आणि गैरवर्तन करणाऱ्या सरपंचाला पदावरून दूर करण्याची कलमे अधिनियमात आहेत. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेच्या विक्रीच्या पैशासाठी तशी नेमून दिलेली तपासणी यंत्रणा सांगितलेली नाही. ग्रामसभा स्वतःलाच उत्तर देते. ज्या गावात सर्वसहमतीची आणि उघड वाचनाची सवय वीस वर्षांची आहे तेथे हे पुरेसे ठरू शकते. जेथे दाव्याची प्रत शिबिरात मिळाली, वनहक्क समितीची नावे एका संध्याकाळी लिहिली गेली आणि पहिल्याच हंगामात ठेकेदाराचा मुनीम गावाचे रजिस्टर लिहू लागला, तेथे ते पुरेसे नाही. गडचिरोलीत शेकडो गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, ही या जिल्ह्याची मोठी कमाई आहे, आणि म्हणूनच या फरकाकडे डोळेझाक करता येत नाही. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. लिलाव, करार आणि हिशेब यांचे ओझे एकट्या टोल्याने न उचलता अनेकांनी मिळून उचलावे, असा हा मार्ग आहे आणि मला तो इतरांनीही पाहण्यासारखा वाटतो.

जंगलाची जबाबदारी कायद्याने स्पष्ट शब्दांत घातली आहे. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा, पाणलोट आणि जलस्रोत सांभाळण्याचा, आणि जंगलाच्या वापराबाबत घेतलेले निर्णय पाळले जातील हे पाहण्याचा अधिकार देते. २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा, ग्रामसभेने तो मंजूर करायचा आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेशी त्याची सांगड समितीने घालायची. व्यवहारात या सांगडीवरून ताण राहतो. मे २०१४ मध्ये राज्याने गाव वन नियम आणले तेव्हा खात्याचा हात पुन्हा वर येईल या शंकेने अनेक ग्रामसभांनी ते नाकारणारे ठराव केले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने या बाबतीत घेतलेला निर्णय मेंढ्याच्या शेजारी ठेवून पाहावा. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने बांबूची विक्री सुरू केली आणि तेंदूपत्ता तोडणे मात्र थांबवले, कारण पाने चांगली यावीत म्हणून झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात आणि फळे धरत नाहीत. तेंदू हे विदर्भातील उन्हाळ्याचे रोख उत्पन्न. ते नाकारण्याचा अधिकार गावाला होता आणि त्याने तो वापरला. विकण्याच्या अधिकारात न विकण्याचा अधिकारही येतो, आणि खात्याच्या किंवा ठेकेदाराच्या हाती निर्णय असताना हा दुसरा अधिकार कोणत्याही गावाला कधी मिळाला नव्हता.

ग्रामपंचायतीचे काय

या साऱ्या प्रकरणात लेखा ग्रामपंचायत फारशी दिसत नाही, आणि याचा अर्थ तिचे महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद, दाखले, वित्त आयोगाचा निधी, रोजगार हमीची कामे हे सारे पंचायतीच्याच दप्तरातून होते. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले, पण त्यांतील किती अधिकार पंचायतीला द्यायचे हे राज्यावर सोडले. त्यामुळे पंचायत बहुतेक बाबतींत वरून आलेल्या योजनेची शेवटची पायरी असते, आणि वस्तीची ग्रामसभा वनहक्काच्या क्षेत्रात स्वतःच्या मालकीची संस्था असते. दोघींचे अधिकार वेगळ्या मुळांतून आले आहेत. पंचायतीने ग्रामसभेला आपली उपसमिती समजणे आणि ग्रामसभेने पंचायतीला सरकारी कचेरी समजणे, या दोन्ही चुका मी या भागात ऐकल्या आहेत.

त्यांची गाठ पडते अशा जागा मोजक्याच आहेत, पण त्या महत्त्वाच्या आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी अशा १३ प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते, आणि बांधकाम बहुधा पंचायत करते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध (ठरावीक योजनेला न बांधलेला) निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा विनियोग गावनिहाय ग्रामसभांनी ठरवायचा आहे. त्यासाठी ग्रामसभा कोष समित्या आहेत. खात्यात पैसा पंचायतीच्या नावाने येतो, निर्णय टोल्याच्या सभेत होतो आणि धनादेशावर सही कोणाची याची चौकशी तेव्हाच सुरू होते. बांबूच्या वहीपाशी जो प्रश्न मेंढ्याने सोडवला तोच येथे पुन्हा उभा राहतो, फरक इतकाच की समोर खाते नसून आपलीच पंचायत असते.

मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा आधार घेऊन गावकऱ्यांनी आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. जंगल सामूहिक झाले होते, आता शेतीची मालकीही सामूहिक. कसण्याचा हक्क कुटुंबाकडे आणि जमीन गावाबाहेर न जाण्याची खात्री ग्रामसभेकडे. ग्रामदानी गावाच्या कारभारी मंडळाला या अधिनियमाखाली ग्रामपंचायतीसारखे अधिकार मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे गट ग्रामपंचायतीतील एक टोला स्वतःच पंचायतीच्या तोडीची संस्था होऊ शकतो. तसे व्हायचे तर मालमत्तेची नोंदवही, कराची मागणी, दाखल्यांचा शिक्का, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कामाची वाटणी आणि लेखा पंचायतीच्या शिल्लक निधीतील हिस्सा यांची विभागणी नावनिशीवार करावी लागते. असा मार्ग घेऊ पाहणाऱ्या इतर गावांनी ठरावाच्या मसुद्यातच या पाच बाबींचा तपशील, कोणाकडून काय ताब्यात घ्यायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, असा लिहून गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा.